पदरात घेतलेलं लेकरू



दिवाळी उरकली आणि बीड, आष्टी, पाटोदा, धारूर, पाथर्डी ह्या टापूतल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फेडायला पाच-सहा महिने फडात. मागं गावात राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. ह्या खेपेला हरभऱ्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण हरभरा एक आठवडा थांबेल.

गावोगाव फिरताना पिकाची चौकशी संपली की माणसं आवाज जरा खाली आणून दुसरंच काही विचारतात. "साहेब, भाऊ गेला, त्याच्या पोराचं नाव सातबाऱ्याला कसं लावायचं?" "साहेब, लेकीची लेक माझ्याकडं आणलीय, पण ती धड जेवत नाही." पहिला प्रश्न तलाठ्याचा आणि दुसरा डॉक्टरचा, असं सांगून मोकळं होता येतं. पण पुष्कळदा दोन्ही प्रश्न एकाच घरातले असतात आणि एकाच लेकराचे असतात. म्हणून आज त्या घराबद्दल लिहितो.

माय मरो पण मावशी उरो, असं आपल्याकडं म्हणतात. म्हणणाऱ्यानं मावशीच्या मायेचा हवाला दिला, पण मावशीनं पुढं काय करायचं ते काही सांगितलं नाही. मावशीच कशाला, आजी-आजोबा, मामा-मामी, चुलता-चुलती, आत्या, कधी कधी तर अठरा-वीस वर्षांची थोरली बहीण, ही सगळी माणसं आज कुणाचं तरी लेकरू पदरात घेऊन बसली आहेत. कुणाचे आईबाप फडावर आहेत. कुणाचा बाप अपघातात गेला, कुणाचा कर्जापायी, कुणाचे दोघेही २०२०-२१ च्या कोरोनात गेले. कुणाची आई दुसऱ्या घरी नांदायला गेली. ह्या सगळ्यांना एकच औषध लागू पडणार नाही. तरी काही गोष्टी सगळीकडं सारख्या दिसतात.

मिरचीचं रोप वाफ्यातून काढून सरीला लावलं की ते मान टाकतं. जमीन कितीही कसदार असो, शेणखत कितीही घातलेलं असो, टाकतंच. तेव्हा आपण ऊन उतरल्यावर लागण करतो, लगोलग पाणी देतो, तीन-चार दिवसांनी आंबवणी, मग चिंबवणी, आणि वाट पाहतो. मूळ धरलं का हे बघायला कुणी रोज रोप उपटून पाहत नाही. लेकराचंही बरंचसं तसंच आहे. नव्या घरी आलेलं पोर अंथरूण ओलं करतं, भाकरीचा तुकडा उशाखाली लपवतं, शाळेत मारामारी करतं, नाहीतर अगदी शहाण्यासारखं गप्प राहतं. ह्यातलं गप्प राहणारं मला जास्त काळजीचं वाटतं. "किती समजूतदार पोर" म्हणून घर निर्धास्त होतं, आणि आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही.

दहा वर्षांचं पोर अंथरूण ओलं करू लागलं तर त्याला चारचौघांत बोलू नका, शिक्षा तर मुळीच नको. ते मुद्दाम करत नाही. गोधडी उन्हात टाका आणि विषय सोडून द्या. भाकरी लपवत असेल तर सगळ्यांदेखत झडती घेण्यापेक्षा दुरडी कुठं असते ते दाखवा आणि सांगा, की भूक लागली की हवं तेव्हा घे. रोज रात्री झोपायची जागा एकच असू द्या. आज आजोबाजवळ, उद्या पाहुणे आले म्हणून पडवीत, परवा शेजारी, असं करू नका. त्याची एक खुंटी, एक ताट, एक पत्र्याची पेटी, एवढं तरी त्याचं स्वतःचं हवं. चालू वर्षाची शाळा बदलायची वेळ आली नाही तर उत्तम. आलीच तर जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून नवी शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. दोन-तीन महिने झाले तरी पोर खात नसेल, झोपेत दचकत असेल, कुणाशी बोलत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. १४४१६ ह्या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. अंगारा लावायचा असेल तर लावा, पण फोनही करा.

आता जरा अवघड गोष्ट. बाप गेला तर लेकराला काय सांगायचं? बरीच घरं सांगतात, "मुंबईला गेलाय, येईल." हेतू मायेचाच असतो. पण ते पोर मग एस.टी. आली की फाट्यावर जाऊन उभं राहतं. वर्षभरानं शाळेत कुणीतरी खरं काय ते सांगून टाकतं, आणि मग त्याला बाप गेल्याचं दुःख होतं ते वेगळं, शिवाय घरच्यांनी फसवलं हे मनात बसतं. तेव्हा वयाला पेलेल अशा शब्दांत, पण खरं सांगा. "बाबा वारले. ते आता परत यायचे नाहीत. तू आमच्याजवळ राहणार आहेस." एवढी तीन वाक्यं पाच वर्षांच्या पोरालाही कळतात. ते पुन्हा पुन्हा विचारील, तितक्यांदा तेच सांगावं लागेल. बापानं जीव दिला असेल तर सांगणं फारच जड जातं हे मी जाणतो. तपशील सांगायची गरज नसते. पण गावात ते लपत नाही, म्हणून जरा मोठ्या पोराला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी घरातल्या जवळच्या माणसानं सांगावं, आणि एक गोष्ट न चुकता सांगावी, की ह्यात तुझा काही दोष नाही. लहान पोरांना बरेचदा वाटतं, मी हट्ट केला, मी फीला पैसे मागितले, म्हणून असं झालं. ती हे बोलून दाखवत नाहीत.

आणि हो, तोंड सांभाळा. "पांढऱ्या पायाचं", "जन्माला आलं नि बापाला गिळलं" असलं बोलणं अजून आपल्या गावांतून ऐकू येतं. वाड्यावस्तीवरच्या चार बाया बसल्या की सहज कुणीतरी बोलून जाते. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं तिथल्या तिथं, लेकराला ऐकू जाईल अशा आवाजात, ते बोलणं तोडलं पाहिजे. ती बाई चार दिवस रुसेल, रुसू द्या.

आजीबद्दल वेगळं लिहायला हवं. लेकराचा बाप गेला तेव्हा आजीचा मुलगाही गेला, हे आपण विसरतो. सगळे पोराचं सांत्वन करतात आणि आजीला म्हणतात, "आता तुम्हीच ह्याची आई, तुम्ही खंबीर राहा." गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पुन्हा एकदा चड्ड्या धुवायच्या, पाटी-दप्तर बघायचं. आजीबाई, नातवासमोर डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. "तुझ्या बाबाची आठवण आली" एवढं म्हणालात की पोरालाही रडायला मोकळीक मिळते. त्याच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी सांगा, विहिरीत पोहायला कसा शिकला, शाळेतून कसा पळून यायचा. बापाचा फोटो हार घालून उंच टांगला की पोराला तो देव वाटतो. एखादा फोटो त्याच्या पेटीत असू द्या. आणि मोतीबिंदूचं पुढं ढकलू नका. लेकराला दहा वर्षं तुमची गरज आहे, म्हणून तुमचे डोळे, तुमचं रक्तदाब तपासणं ही आता चैन राहिली नाही.

चुलतीबद्दलही. दहाव्याला पुरुषमंडळी ओसरीवर बसून ठरवतात की पोरं थोरल्याकडं राहतील. ठरवणारे उठून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन डब्यांऐवजी चार डबे करायचे ते चुलतीनं. तिला कुणी विचारलेलं नसतं. पुढं ती करवादली की सगळा गाव म्हणतो, बघा, आपलं ते बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं. खरं म्हणजे अशा बैठकीत पहिला शब्द तिचा हवा, आणि त्याच बैठकीत बाकीच्यांनी आपापला वाटा सांगायला हवा. आत्या सुटीत महिनाभर नेईल, मामा वह्या-पुस्तकं आणि गणवेश बघील, धाकटा दीर दवाखान्याला नेईल. एकट्या बाईवर भार पडला की माया आटते, तिचा स्वभाव कितीही चांगला असला तरी.

सारखेपणाचा मुद्दा निघतोच. दोघांना एकाच ठाणातलं कापड घेतलं म्हणजे झालं असं नाही. पोरं बघतात ती दुसरीच गोष्ट. ग्लास फुटला की आधी कुणाकडं बघितलं, गाय सोडायला कुणाला उठवलं, परीक्षेच्या दिवसांत कामाला कुणाला लावलं. कामं सांगायला हरकत नाही, शेतकऱ्याच्या घरात पोरांनी काम केलंच पाहिजे, पण ती वाटून. उलटही होतं बरं का. "बिचारं पोरकं" म्हणून काही घरं त्याला काहीच बोलत नाहीत. शेंगा चोरल्या, सोडून द्या. शाळा बुडवली, जाऊ द्या. त्याला वाटतं, मी ह्यांचा नाही म्हणून मला रागावतसुद्धा नाहीत. घरच्या पोराला जेवढं रागावता तेवढंच त्यालाही रागवा.

आई दुसरीकडं नांदायला गेली असेल तर तिच्यावरून घरात बोलणी होतात. पंचविशीतल्या विधवा पोरीनं दुसरं घर केलं तर त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुम्हांला वाटत असेल तरी लेकरासमोर तिला नावं ठेवू नका, कारण ते लेकरू स्वतःला तिचाच तुकडा समजतं. फोनवर बोलू द्या, भेटू द्या. ती येते म्हणाली आणि आली नाही, तर सबबी रचण्यापेक्षा "आज तिला जमलं नाही" एवढंच सांगा.

ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. ह्या पोरांना आईबाप आहेत हे खरं, पण दरवर्षी सहा महिने त्यांची ताटातूट होते. निघताना झोपलेल्या पोराला सोडून पहाटे गुपचूप गाडीत बसू नका. रडलं तरी सांगून जा. फोनची वेळ ठरवा, गाडी खाली करून कोपीवर परतल्यावरची, आणि तेवढ्या वेळी आजीच्या फोनला रेंज असेल अशा जागी पोराला बसवा. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह असेल तर नाव घाला. पोर रात्री आजीकडंच झोपतं, पण सकाळ-संध्याकाळचं जेवण तिथं होतं आणि आजीच्या हाताला तेवढाच विसावा. गुढीपाडव्याच्या सुमारास आई परत आली की पोर पहिले आठ दिवस तिच्याकडं जात नाही, आजीलाच चिकटतं. मायलेकरांनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आता जमिनीकडं येतो. मी शेतीखात्यातला माणूस, मला हा भाग जास्त दिसतो आणि जास्त टोचतो.

बाप वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसाची नोंद करायला कळवायचं असतं. तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडं मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती द्या. ई-हक्क प्रणालीतूनही अर्ज होतो. अज्ञान मुलाचं नाव लागतं आणि त्याच्यापुढं 'अ.पा.क.' लिहून पालनकर्त्याचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्याचा अर्थ सांभाळणारा, मालक नव्हे. मुलींची नावं लावायचीच, "तिला काय करायचंय जमीन" असं म्हणून गाळायची नाहीत. पुनर्विवाह केला म्हणून पहिल्या नवऱ्याकडून वारसानं मिळालेला बाईचा हिस्सा जात नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. आणि जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर मुलगा बापाआधी गेला म्हणून नातवंडांचा हक्क बुडत नाही. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं गेलेल्या मुलाची बायको-मुलं पहिल्या वर्गातलेच वारस धरले जातात.

अज्ञान मुलाची जमीन विकता किंवा गहाण ठेवता येते का, असं विचारतात. १९५६ चाच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्याप्रमाणे सख्ख्या आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञान मुलाच्या नावची जमीन विकता येत नाही. चुलता, मामा, आजोबा ह्यांना तर नुसतं सांभाळतो म्हणून तिला हातच लावता येत नाही. त्यांना आधी जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. आईनं किंवा नेमलेल्या पालकानं तरीही परवानगीवाचून व्यवहार केला, तर पोर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते मोडण्यासाठी दावा लावू शकतं. घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, जमीन स्वस्तात मिळते म्हणून उडी मारू नये.

पण कसायला कुणीतरी हवंच. पुतण्याची दोन एकर पडीक ठेवण्यात शहाणपण नाही, चुलत्यानं ती करावी. फक्त एक वही घालावी. पहिल्या पानावर गट नंबर आणि क्षेत्र. पुढं तारीखवार बियाणं, खत, फवारणी, मजुरी, नांगरट. मग किती क्विंटल निघालं, कुठं घातलं, काय भाव मिळाला. अडत्याची पट्टी त्याच पानाला टाचायची. उरलेल्यातलं पोराचं किती, हा प्रश्न पडला तर सोपा हिशेब सांगतो. तीच जमीन बाहेरच्या माणसाला बटईनं दिली असती तर काय वाटा आला असता? गावात निमबटई चालत असेल तर निम्मं पोराचं. त्यातून त्याची फी, कपडे, दवाखाना वजा करा आणि बाकी पोराच्या नावच्या बचत खात्यात टाका. एखाद्या वर्षी पावसानं दगा दिला, काहीच उरलं नाही, तर तेही लिहा. वाईट वर्षाचं पान कोरं सोडलं की पुढं तेच पान भांडणाचं कारण होतं.

एका गावात असंच झालं. पुतण्या अठरा वर्षांचा झाला, पारावरच्या चार टवाळांनी त्याचे कान भरले, की चुलत्यानं तुझी जमीन आठ वर्षं खाल्ली. पोर तावातावानं घरी आलं. चुलत्यानं काही न बोलता तीन वह्या आणि पासबुक पुढं ठेवलं. पोरानं रात्रभर वाचल्या म्हणतात. सकाळी त्यानं एवढंच विचारलं, "काका, ह्या साली सोयाबीन एवढं कमी कसं निघालं?" आणि दोघं पीक बघायला निघाले. अठरा पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून अर्ज केला की अ.पा.क.चा शेरा निघतो. तो अर्ज चुलत्यानंच करून दिला.

सरकारी मदतीचं थोडक्यात. आईबाप किंवा दोघांपैकी एक नसलेल्या, घरीच नातेवाइकांकडं वाढणाऱ्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची. दरमहा २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला एवढे कागद एका पिशवीत कायमचे ठेवा, अंगणवाडीताई वाट दाखवतील. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात. तो प्रस्ताव आमच्याच तालुका कृषी कार्यालयात तीस दिवसांच्या आत द्यायचा असतो. दुःखात ते दिवस कसे निघून जातात कळत नाही, म्हणून हे काम भावकीतल्या एखाद्या खंबीर माणसानं अंगावर घ्यावं. आत्महत्या पात्र ठरली तर मिळणाऱ्या १ लाखातले ३० हजार रोख आणि ७० हजार कुटुंबाच्या नावे ठेवीत जातात. हे पैसे लेकरांच्या ताटातले आहेत, कुणाच्या हातउसनवारीसाठी नाहीत.

एक गोष्ट राहिली. नात तेरा-चौदाची झाली की आजीला धास्ती वाटू लागते. माझे डोळे मिटले तर हिचं काय, फडावरून आईबाप यायच्या आत काही वेडंवाकडं झालं तर काय. मग एखादं स्थळ येतं आणि "जोखीम उरकली" म्हणून लग्न लागतं. आजीची धास्ती खोटी नाही, पण तिच्यावरचा हा उपाय वाईट आहे. अठराच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी पोरकी म्हणून वाढलेली मुलगी अशानं परक्या घरी पुन्हा पोरकी होते. तिला वसतिगृहात घालता येतं का बघा, नाहीतर हंगामापुरतं आत्याकडं ठेवा, शाळेच्या बाईंना विश्वासात घ्या. कुठं असं लग्न ठरत असल्याचं कानावर आलं तर १०९८ ला कळवा. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर असते, त्यांना सांगितलं तरी चालतं.

पुढच्या अंकात ठरल्याप्रमाणे हरभऱ्यावरची घाटे अळी घेऊ. तोवर हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून ठेवा, आणि सापळ्यात रोज किती पतंग पडले ते मोजून लिहायचं काम घरातल्या पोरांना द्या. सगळ्या पोरांना, आळीपाळीनं.